मिरवणूक कुठून जावी?

(मंडळाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



मी डिप्लोमा झालेला उपयंत्री. मोठे सिद्धांत माझ्यापाशी नाहीत. नाल्याकाठच्या वस्त्यांत काम करताना जे दिसतं, ते आपल्या इंदूरच्या इतिहासाशी जोडून सांगतो.

पहिल्या महायुद्धाच्या काळात होळकर दरबाराने पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश नगररचनाकारांना इथे बोलावलं. त्यांचा अहवाल १९१८ साली निघाला. तेव्हा शहराला प्लेगने ग्रासलं होतं. गेडिस यांनी दिवाळीत मिरवणूक काढायची ठरवली आणि जाहीर केलं की, ज्या रस्त्यांवरची जास्तीत जास्त घरं स्वच्छ आणि दुरुस्त होतील, तिथूनच ती जाईल. लोक कामाला लागले. त्या मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रतिमा होती आणि सफाई कामगारही होते. नव्या पोशाखात, मानाने चालणारे. दाट वस्ती सरसकट पाडू नये, थोडी डागडुजी करून लोकांना तिथेच राहू द्यावं, असंही त्यांचं सांगणं होतं.

पुढे १९८४ च्या कायद्याने मध्य प्रदेशात झोपडीवासीयांना जागेचे पट्टे मिळू लागले. नव्वदीच्या दशकात अभियंता हिमांशू पारीख यांच्या कल्पनेतून, ब्रिटिश सरकारच्या मदतीने, वस्त्यांची गटार योजना झाली. विचार साधा होता. वस्त्या बहुधा नाल्याकाठी, उतारावर असतात; मग शहराची मलवाहिनीही तिथूनच न्यावी, म्हणजे वस्ती आणि शहर दोघांचं काम होईल. या योजनेला १९९८ साली आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. पण नंतर कित्येक ठिकाणी वाहिन्या तुंबल्या, आणि बऱ्याच घरांची जोडणी झालीच नाही. मुख्य वाहिनी दारावरून गेली, घर मात्र कोरडंच राहिलं.

माणसांचंही असंच होतं. रस्ता, नळ, दिवा वस्तीत पोचतो. तरी तिथला मुलगा नोकरीच्या अर्जावर पत्ता लिहिताना थबकतो. आपल्या घरी पोळ्या करणारी बाई आरतीच्या वेळी मंडपाच्या कडेला उभी राहते. तिला कोणी हाकलत नाही, पण ‘पुढे या’ असंही कोणी म्हणत नाही. ही शेवटची जोडणी सरकारी अंदाजपत्रकात बसत नाही. ती आपल्या हातात आहे.

आपले पूर्वजही होळकरांच्या मागोमाग बाहेरूनच इथे आले. शहराने त्यांना जागा दिली, मान दिला.

म्हणून कार्यकारिणीपुढे तीन गोष्टी ठेवतो. मुलांच्या स्पर्धा जवळच्या वस्तीतल्या मुलांनाही खुल्या कराव्यात. निवृत्त सभासदांनी रविवारी दोन तास आयटीआय आणि डिप्लोमाचे अर्ज भरायला त्या मुलांना मदत करावी. आणि विसर्जनाची मिरवणूक यंदा त्या वस्तीतून न्यावी. एका आरतीचं ताट तिथल्या भगिनींच्या हाती द्यावं. वाट थोडी लांबेल, पण बाप्पाला घाई नसते.

गणपती बाप्पा मोरया!