काट्यावर न चढणारी मासळी

परिषदेचे अध्यक्ष, लक्षद्वीपहून आलेले मच्छीमार बंधुभगिनी आणि अभ्यासक मंडळी, रत्नागिरीत आपलं मनापासून स्वागत. उकाडा आहे, पंखे बेताचे आहेत. ताटातल्या मासळीत मात्र स्वागत समिती कसूर करणार नाही.

मी अर्थशास्त्री नव्हे. माझा जन्म बंदरावरच्या लिलावात गेला. तिथं काट्यावर चढेल तेवढंच वहीत उतरतं. बेटांच्या मासेमारीचं मोल काढताना घोटाळा होतो तो इथंच, असं मला वाटतं.

पॅसिफिकमधलं किरिबाटी घ्या. जमीन जेमतेम ८०० चौरस किलोमीटर, हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख. तिथल्या ट्यूनाचा मोठा हिस्सा परदेशी जहाजं नेतात. जहाज परक्याचं, म्हणून ती मासळी किरिबाटीच्या राष्ट्रीय उत्पन्नात मासेमारी म्हणून धरत नाहीत. पण ही जहाजं जी परवाना फी भरतात, तिच्यावर गेली अनेक वर्षं सरकारचा निम्म्याहून जास्त महसूल उभा आहे. मासेमारीच्या रकान्यात याचा पत्ता नाही, आणि सरकारचा गाडा चालतो तो मासळीवरच!

लक्षद्वीपची तऱ्हा वेगळी. वस्तीची बेटं १०, सगळी जमीन ३२ चौरस किलोमीटर. प्रवाळाच्या आतल्या उथळ पाण्यात बारीक मासळी धरायची, होडीत जिवंत ठेवायची, ट्यूनाचा घोळका दिसला की त्यात ती उधळायची आणि गळाच्या काठीनं एकेक ट्यूना वर ओढायचा. त्या बारीक मासळीला ना वजन, ना भाव. पण तिच्यावाचून काठ्या रिकाम्याच परततील. मग त्याच ट्यूनाचं मासमीन होतं. उकडायचं, धुरी द्यायची, वाळवायचं. यात बायकांचे कष्ट मोठे. ते मासेमारीत धरायचे, उद्योगात, की घरकाम म्हणून सोडून द्यायचे?

आमच्याकडे ओहोटीला कालवं काढणाऱ्या बायकांनाही हा प्रश्न लागू आहे. विकलेली कालवं निदान बाजारात दिसतात. घरच्या कालवणात गेलेली कोण मोजतो? त्यांना भाव कुठला लावायचा, हे आपण ठरवावं. दुसरीकडे डिझेल-बर्फाचा खर्च वजा न करता लिलावाच्या रकमेलाच उत्पन्न म्हणायची हौस आमच्या पुढाऱ्यांना भारी. तेवढी आवरली तरी पुष्कळ.

समितीची एकच विनंती : पहिल्या सत्रात लक्षद्वीपच्या भगिनींना आधी बोलू द्यावं, तक्ते मागाहून लावावेत. जेवण एक वाजता. शाकाहारी पंगत डाव्या हाताला.