स्वागताध्यक्षांचे भाषण : पेटीतून घरोघरी



श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या नगरीत आपले मनःपूर्वक स्वागत! १९०९, १९२१, १९३४ आणि अलीकडे २०१८ साली बडोद्याने मराठी साहित्य संमेलने भरवली. आज इथे मुलांच्या वाचनासाठी मांडव घातला आहे, याचा मला त्याहून अधिक आनंद आहे.

महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले, मुलींसाठीसुद्धा, आणि १९०६ पासून ते सगळ्या राज्याला लागू केले. हे बहुतेकांना ठाऊक असते. पुढचा भाग मात्र आम्हा बडोदेकरांनाच सांगावा लागतो. शाळेत गिरवलेली अक्षरे घरी पुस्तक नसेल तर चार-दोन वर्षांत पुसली जातात, हे महाराजांनी ओळखले होते. म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना बोलावले. गावकरी जेवढी वर्गणी जमवतील, तेवढीच भर पंचायतीने आणि तेवढीच सरकारने घालायची, अशा हिशोबाने गावोगावी वाचनालये उघडली. ज्या गावात तेही जमेना, तिथे लाकडी पेटीतून फिरते वाचनालय पाठवले जाई आणि तिच्या वाहतुकीचा खर्च राज्य सोसत असे. मध्यवर्ती ग्रंथालयात मुलांचा वेगळा विभाग होता. मुलांनी आधी आपणहून तिथे यावे, म्हणून पुस्तकांच्या जोडीला चित्रे आणि खेळही ठेवलेले असत.

आणि इथे दोन माणसांची नावे घेतल्यावाचून मला पुढे जाववत नाही. चरोतरचे मोतीभाई अमीन मूळचे शिक्षक. मित्रमंडळांच्या वाचनालयांसाठी ते गावोगाव हिंडले आणि पुढे राज्याच्या ग्रंथालय खात्यातही आले. गुजरातेत त्यांचे नाव आजही आदराने घेतले जाते. पण बॉर्डन मायदेशी गेल्यावर ज्यांनी हे खाते सांभाळले, त्या जनार्दन सखाराम कुडाळकरांना आपण मराठी माणसे विसरलो. या चळवळीची साद्यंत हकिगत त्यांनी १९१९ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने लिहून ठेवली. मराठीत त्यांचे साधे चरित्र माझ्या हाती लागलेले नाही, याची मला खंत वाटते. या सभेतल्या कुणी अभ्यासकाने ते काम अंगावर घेतले, तर छपाईचा भार स्वागत समिती उचलेल, हा माझा जाहीर शब्द आहे.

परिषदेच्या विषयावर अधिकाराने बोलणारी मंडळी इथे बसली आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो. ‘असर’ पाहणीत घरोघर जाऊन मुलांकडून उतारे वाचून घेतात. २०२४ मध्ये ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमी मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. ‘पर्ल्स’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत चौथीच्या मुलांबरोबर पालकांनाही प्रश्न विचारतात. ज्या घरात शाळेआधीपासून मुलाला वाचून दाखवतात, तिथली मुले वाचनात पुढे असतात, असे तीत वारंवार दिसले आहे. पण ज्या घरात पुस्तकच नाही, तिथल्या आईवडिलांना बोल लावून काय साधणार? शाळेच्या कपाटाची किल्ली मुलांच्या हाती द्या, पुस्तक घरी जाऊ द्या. फाटले तर फाटू द्या! एवढीच माझी या परिषदेला विनंती आहे.

आता व्यवस्थेविषयी. सभागृह ऐनवेळी बदलावे लागले. काही पाहुण्यांची सोय शाळेच्या वर्गखोल्यांत झाली आहे, तिथे रात्री डासांचा त्रास झाल्याचे कानावर आले. आज संध्याकाळपर्यंत मच्छरदाण्या पोहोचतील. सकाळी गरम पाणी उशिरा मिळाले, त्याबद्दल हात जोडून क्षमा मागतो. आणखी काही उणे राहिले असेल, तर संकोच न करता कार्यकर्त्यांना सांगा. ही मुले रात्रभर जागली आहेत, तरी आनंदाने धावतील.

रावपुऱ्यातील पुस्तकविक्रेत्यांनी प्रदर्शनासाठी बालपुस्तके दिली. दांडिया बाजारातील कुटुंबांनी पाहुणे घरी ठेवून घेतले. मांडवीच्या व्यापाऱ्यांनी भोजनखर्चाचा मोठा वाटा उचलला, आणि खंडेराव मार्केटमधल्या भाजीवाल्यांनी तीन दिवसांची भाजी पैसे न घेता पोहोचवली. निवृत्त शिक्षिकांच्या एका गटाने आपल्या पेन्शनमधून निधी दिला. नाव जाहीर करू नका, असे त्यांनी बजावले आहे म्हणून थांबतो. या सर्वांचे, मांडववाल्यांचे, आचाऱ्यांचे, सफाई कामगारांचे ऋण समिती विसरणार नाही.

उद्या सकाळी साडेआठला फाटकापासून बस निघेल. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयातील लोखंडी मांडण्या आणि त्यांच्यामधली काचेची जमीन आपण जरूर पाहावी. वयोवृद्धांसाठी वेगळी गाडी आहे, त्यांनी आज रात्री जेवणाच्या वेळी नाव नोंदवावे. सेव-उसळ आणि लीलो चेवडा अल्पोपाहाराला आहेतच.

अध्यक्षमहोदयांना विनंती करतो की त्यांनी सभेची सूत्रे हाती घ्यावीत.