आधी नफ्सशी लढाई



आपण अहिल्यानगर जिल्ह्यात जमलो आहोत, तर सुरुवात इथल्याच माणसापासून करू. श्रीगोंद्याचे शेख महंमद, 17व्या शतकातले सूफी आणि मराठी संतकवी. त्यांच्या मुख्य ग्रंथाचं नाव 'योगसंग्राम'. संग्राम म्हणजे लढाई. इथे शत्रू आहेत काम, क्रोध आणि अहंकार, आणि रणांगण आहे माणसाचं मन. आपण ज्याला नफ्सशी जिहाद म्हणतो, तो या माणसाने मराठी ओव्यांत मांडला.

कुरआनात नफ्सच्या तीन अवस्था येतात. अम्मारा वाईटाकडे ओढते, लव्वामा आपल्याला टोचणी लावते आणि मुत्मइन्ना शांत असते. तिन्ही आपल्या प्रत्येकात आहेत. कोणती बळावेल, हे रोजच्या सवयीवर ठरतं.

हे पुस्तकी वाटतं? मे 2023 मध्ये शेवगावात मिरवणुकीच्या वेळी दगडफेक झाली. पुढच्याच महिन्यात कोल्हापुरात मोबाईलवरच्या स्टेटसवरून शहर पेटलं. 2025 मध्ये तर खुद्द शेख महंमदांच्या समाधीस्थळावरून श्रीगोंद्यात आंदोलन झालं. स्टेटस टाकायला दहा सेकंद लागतात. पण बाजार बंद पडला की चूल विझते ती हातगाडीवाल्याची. पोरावर गुन्हा नोंदला गेला की पासपोर्ट आणि नोकरीची चारित्र्य पडताळणी अडते.

मग अपमान गिळायचा का? नाही. राग येणं पाप नाही. लगाम कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न आहे. पैगंबरांची (स.) शिकवण साधी आहे: राग आला आणि उभे असाल तर बसा, तरी शमला नाही तर आडवे व्हा. वुजू करा. रोजात कोणी भांडायला आलं, तर माझा रोजा आहे एवढंच सांगा.

हेच रोज करून पाहा. भडकवणारा मेसेज आला की फोन खाली ठेवा, वुजू करा, दोन रकात नमाज पढा. मग ठरवा. कारवाई हवी असेल तर स्क्रीनशॉट घ्या, मोहल्ल्यातल्या चार जाणत्यांना सोबत न्या, पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

इशाच्या नमाजनंतर पाच मिनिटं स्वतःचा हिशेब मांडा. सूफी याला मुहासबा म्हणतात. आज कोणाला दुखावलं? दुसऱ्या समाजाबद्दलचा कोणता मेसेज खातरजमा न करता पुढे पाठवला? घरात बहिणीवर, बायकोवर आवाज चढवला का? चौकात संयम पाळून घरात हात उगारणारा नफ्सपुढे हरलेलाच असतो.

नमाज आपल्याला दिवसातून पाच वेळा थांबवते. थांबायची ही सवय ज्याला लागली, त्याला कोणी सहज भडकवू शकत नाही. आणि हक्काची लढाई वर्षानुवर्षं चालते. ती असाच माणूस शेवटपर्यंत नेतो.

खुदा हाफिज.