दप्तराची चावी



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे. आम्ही आठवी नापास. आमची पुढली शाळा कारखान्याच्या गेटावर भरली. तेव्हा आज जे सांगणार ते पोथीतले नव्हे, ठेच लागून कळलेले आहे.

२०२१ साली आमच्या युनियनचा पत्रव्यवहार, सभासदांचे पत्ते आणि कामगार न्यायालयातील तारखा हे सारे एका कंपनीच्या फुकट ईमेल खात्यात होते. खाते एका कार्यकर्त्याच्या नावावर. एके सकाळी ते बंद झाले. कारण कळेना, दाद कोणाकडे मागावी तेही कळेना. त्याच आठवड्यात एका बडतर्फ सोबत्याची तारीख होती, ती चुकली. अर्ज गैरहजेरीत निघाला. तो पुन्हा बोर्डावर यायला आठ महिने गेले, आणि त्या आठ महिन्यांत त्याच्या घरी पगार नव्हता. मालकाशी भांडताना निदान मालकाचे तोंड दिसते. येथे तेही नव्हते.

तेव्हा आम्ही ग्रुपवेअर सर्व्हरच्या शोधास लागलो. टपाल, दिनदर्शिका आणि पत्त्यांची वही अनेकांना मिळून वापरता यावी म्हणून एके ठिकाणी सांभाळणारी ही व्यवस्था. तिची आज्ञावली कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, वाटावी, अशी परवानगी असली की तिला मुक्तस्रोत म्हणतात. सोगो, कोलॅब, ईग्रुपवेअर ही त्यातली काही नावे. टपालासाठी आयमॅप, दिनदर्शिकेसाठी २००७ चा कॅलडॅव्ह, पत्त्यांसाठी २०११ चा कार्डडॅव्ह, असे यांचे नियम जाहीर आहेत. म्हणून उद्या सर्व्हर बदलला तरी दप्तर उचलून नेता येते.

हे फाटक्या खिशाच्या लोकांचेच खूळ आहे असे समजू नका. जर्मनीतील श्लेस्विग-होल्श्टाइन राज्याच्या सरकारने २०२५ साली आपल्या ४०,००० हून अधिक टपालपेट्या ओपन-एक्सचेंजवर नेल्या. उलट त्याच देशातील म्युनिक शहराने अनेक वर्षे मुक्त आज्ञावली चालवून २०१७ साली विंडोजकडे परत जाण्याचा ठराव केला. दोन्ही गोष्टी सांगितल्या पाहिजेत.

कारण मुक्त म्हणजे फुकट नव्हे. आमची पहिली पत्रे मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरांनी खुशाल कचऱ्यात टाकली. एसपीएफ आणि डीकेआयएम या नोंदी नीट लावल्या तेव्हा कोठे ती पोचू लागली. रोज रात्री दप्तराची प्रत दुसरीकडे ठेवावी लागते. हे काम आमच्या देखभाल खात्यातला एक फिटर शिकला. त्याला आम्ही मानधन देतो. श्रम आमच्यासाठी झाले तरी ते श्रमच.

पण मुभेची किंमत भांडणात कळते. २०१६ साली ओनक्लाउडचे संस्थापक फ्रँक कार्लिचेक कंपनीतून बाहेर पडले आणि सोबत्यांसह त्याच आज्ञावलीवर त्यांनी नेक्स्टक्लाउड उभे केले. परवान्यानेच तो हक्क दिला होता. कारखाना सोडताना यंत्राचा नकाशा बरोबर नेता येतो, असे आम्ही प्रथमच पाहिले!

आज आमच्या सर्व्हरची चावी दोघांकडे आहे, आणि तिसरी मोहोरबंद पाकिटात खजिनदारांच्या तिजोरीत. आपणही आपल्या पतपेढीच्या, वाचनालयाच्या, मंडळाच्या चिटणिसांना उद्या एवढेच विचारा: दप्तर कोठे आहे, कोणाच्या नावावर आहे, आणि ती पेटी बंद झाली तर पत्त्यांची वही आपल्या हाती उरेल काय?