‘द लास्ट ड्युएल’: एक घटना, तीन साक्षी

आजचा विषय जरा जड आहे. एका चित्रपटाच्या निमित्ताने आपण बलात्काराच्या आरोपाबद्दल बोलणार आहोत. गाडीत मागच्या सीटवर लहान मुलं असतील, तर हा भाग नंतर निवांत ऐका.

चित्रपट आहे रिडली स्कॉट यांचा ‘द लास्ट ड्युएल’. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये तो इथल्या थिएटरांत आला आणि गर्दी न खेचताच गेला. घोडे, चिलखतं, तलवारी यांचा सिनेमा म्हणून तुम्ही तो बाजूला ठेवला असेल, तर पुन्हा विचार करा. त्यातलं खरं युद्ध शब्दांचं आहे.

गोष्ट इतिहासातली. एरिक जेगर या अमेरिकन प्राध्यापकांच्या २००४ सालच्या पुस्तकावर चित्रपट बेतला आहे. साल १३८६, फ्रान्समधला नॉर्मंडी प्रांत. ज्याँ द कारूज नावाचा सरदार बाहेरगावी गेलेला असताना त्याची बायको मार्गरीत घरात एकटी होती. जाक ल ग्री याने येऊन आपल्यावर बलात्कार केला, असं तिने सांगितलं. हा ल ग्री एके काळचा नवऱ्याचा मित्र, पुढे त्याचा वैरी आणि मोठ्या जहागीरदाराचा लाडका. त्याने साफ नाकारलं. पॅरिसच्या न्यायालयाला निकाल लावता येईना, तेव्हा दोघा पुरुषांनी मरेपर्यंत लढावं असं ठरलं. जिंकेल तो खरा, कारण देव खऱ्याच्या पाठीशी असतो! नवरा हरला असता तर मार्गरीतला खोटारडी ठरवून जिवंत जाळणार होते. २९ डिसेंबर १३८६ रोजी राजासमोर द्वंद्व झालं आणि ल ग्री मारला गेला.

चित्रपट ही घटना तीनदा सांगतो. आधी नवऱ्याच्या नजरेने, मग ल ग्रीच्या, शेवटी मार्गरीतच्या. पुरुषांचे भाग मॅट डेमन आणि बेन ॲफ्लेक यांनी लिहिले, तिचा भाग निकोल होलोफसेनर यांनी. तीन कथांमध्ये प्रसंग जवळपास तेच आहेत. बदलतं ते, कोणाला काय दिसलं.

एक साधं उदाहरण. ल ग्रीच्या आठवणीत मार्गरीत जिना चढताना पायातले जोडे काढून ठेवते, जणू आमंत्रणच देते. तिच्या आठवणीत ती जीव मुठीत धरून पळते आहे आणि जोडे निसटून पडतात. दुसरं उदाहरण नवऱ्याचं. त्याच्या कथेत तो बायकोचं शांतपणे ऐकतो, तिला धीर देतो. तिच्या कथेत तो आधी तिचा गळा धरतो, आणि मग शेवटचा स्पर्श त्या माणसाचा राहू नये म्हणून तिला बिछान्यात ओढतो. म्हणजे न्यायासाठी लढणारा नवराही तिला विचारत नाही. त्याच्या दृष्टीने लूट झाली ती त्याच्या मालमत्तेची.

असं सांगितलं की कोणी म्हणेल, हे तर कुरोसावाच्या ‘राशोमोन’सारखं झालं, खरं काय ते कोणालाच कळत नाही. इथे मात्र तसं नाही. तिसऱ्या भागाच्या पाटीवर ‘मार्गरीतच्या मते सत्य’ अशा अर्थाचे शब्द येतात. त्यातले बाकीचे पुसट होत जातात आणि ‘सत्य’ एवढंच क्षणभर उरतं. आणि गंमत बघा, ल ग्रीच्या स्वतःच्या कथेतही ती नाही म्हणते, ओरडते. ते त्याने ऐकलेलं असतं; फक्त त्याचा अर्थ त्याने आपल्याला हवा तसा लावलेला असतो.

न्यायालयातले प्रश्न ऐका. नवऱ्याबरोबर तुला सुख मिळतं का? ल ग्री देखणा आहे असं मैत्रिणीला म्हणाली होतीस ना? तू गरोदर आहेस, म्हणजे तुला ते आवडलं असणार, कारण सुखाशिवाय गर्भ राहत नाही. चौदाव्या शतकातलं अज्ञान म्हणून हसू नका. २०१२ साली मिसुरीतून सिनेटची निवडणूक लढवणाऱ्या टॉड अकिन यांनी टीव्हीवर सांगितलं होतं की, बलात्कार ‘खरा’ असेल तर बाईचं शरीर गर्भधारणा रोखतं. ते निवडणूक हरले, पण समजूत सहाशे वर्षं टिकली होती.

आपल्या महाराष्ट्राकडे वळू. १९७२ साली तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात मथुरा या आदिवासी मुलीवर अत्याचार झाल्याचा आरोप दोन पोलिसांवर झाला. तिचीही गोष्ट तीनदा सांगितली गेली, तीन न्यायालयांत. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने तिला शरीरसंबंधांची सवय असल्याचं म्हणत आरोपींना सोडलं. त्याच साली इथे मिशिगन राज्य, पीडितेचा पूर्वेतिहास असा उकरायला बंदी घालणारा कायदा करत होतं. पुढे उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आरोपींना शिक्षा दिली. भीतीने गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्याने ओळखलं. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. अंगावर जखमा नाहीत, म्हणजे विरोध नव्हता! १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघा कायद्याच्या जाणकारांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर न्यायालय तिचं म्हणणं गृहीत धरू लागलं.

तुम्ही म्हणाल, आरोपीची बाजू नको का ऐकायला? हवी, नक्की हवी. खुद्द ल ग्रीच्या वकिलाने आपल्या टिपणांत अशिलाच्या बाजूच्या आणि विरुद्धच्याही गोष्टी नोंदवल्या होत्या. न्यायालयाने पुरावा मागायलाच हवा. तलवारीच्या जोरावर लागलेला निकाल हा न्याय नव्हता, तो मार्गरीतच्या बाजूने लागला तरीही. पण आपलं स्वयंपाकघर म्हणजे न्यायालय नाही. तिथे आपल्याला शिक्षा सुनवायची नसते. फक्त ऐकायचं असतं.

आणि तिथेच आपण चुकतो. आपल्याकडे पटकन म्हणतात, ‘टाळी एका हाताने वाजत नाही.’ भांडणाला ही म्हण ठीक आहे. टाळीला दोन हात लागतात, थप्पड मारायला एकच पुरतो. दुसरी म्हण, ‘झाकली मूठ सव्वा लाखाची.’ चित्रपटात मार्गरीतची सासू हेच वेगळ्या शब्दांत सांगते: माझ्यावरही हे ओढवलं, मी मुकाट्याने कामाला लागले. त्या मुठीत सव्वा लाख नव्हते, तिचं आयुष्य होतं.

आपली मुलं-मुली इथल्या कॉलेजांच्या वसतिगृहांत राहतात. त्यांच्यापैकी कोणावर असा प्रसंग आला, तर घरी फोन करायचा की नाही हे ते आजच ठरवत असतात. टीव्हीवर अशी बातमी आली की आपण जेवताना काय बोलतो, त्यावरून. ‘एवढ्या रात्री गेलीच कशाला?’ हे वाक्य टेबलावर पडलं की तो फोन कधीच येत नाही.

चित्रपट जरूर पाहा, पण अत्याचाराचं दृश्य दोनदा येतं, त्याची तयारी ठेवा. आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला स्वतःबद्दल बोलायचं असेल, तर ‘रेन’ या संस्थेची अमेरिकेतली मदतवाहिनी दिवसरात्र चालू असते: १-८००-६५६-४६७३. नाव सांगायची सक्ती नाही. नंबर पुन्हा सांगते, लिहून घ्या: १-८००-६५६-४६७३.