खडी आणि चौकोन



गेल्या सत्रात आठवीतल्या एका मुलाचे वडील मला भेटले. म्हणाले, "सर, याची चित्रकला बंद करा. पुढे कॉम्प्युटरला घालायचे आहे, गणितात मार्क पाहिजेत." त्यांना तेव्हा मला नीट उत्तर देता आले नाही. ते आज देतो.

जर्मनीत सीमेन्स कंपनीत गेओर्ग नेस नावाचे गणितज्ञ होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये श्टुटगार्ट येथे त्यांच्या कॉम्प्युटर-चित्रांचे प्रदर्शन भरले. आज्ञा कागदी पट्टीवर भोकांच्या रूपाने उमटत. ती पट्टी वाचून यंत्राची लेखणी रेघा ओढी. जमलेले चित्रकार चिडले. एकाने विचारले, हे यंत्र माझ्या हातासारखी रेघ काढील काय? नेस म्हणाले, जरूर, पण आपण ती कशी काढता ते आधी सांगा. असा किस्सा सांगतात. (आम्हा शिक्षकांनाही हा प्रश्न अडचणीचाच!)

'शॉटर', म्हणजे खडी, हे त्यांचे गाजलेले चित्र. आडवे १२, उभे २२, असे २६४ चौकोन. वरची रांग शिस्तीत. खाली जाता जाता चौकोन कलतात, जागा सोडतात, शेवटी रस्त्यावर ओतलेल्या खडीसारखे विखुरतात. कोणता चौकोन किती कलेल हे नशिबाच्या आकड्यावर. पण नशिबाला किती मोकळीक द्यायची, ते नेस यांनी ठरवले. चित्रकार कोण, ते इथे कळते.

वर्गात आम्ही हे लुडोच्या फाशाने केले. रांगा १५. रांगेचा क्रमांक गुणिले दान, तितके अंश चौकोन फिरवायचा; छापा पडला तर उजवीकडे, काटा पडला तर डावीकडे. नियम एकच, पण दोन वह्या सारख्या निघाल्या नाहीत.

तोच मुलगा उठला. "सर, शेवटच्या रांगेत मला ६ पडले. ९० अंश फिरवला तर चौकोन पुन्हा सरळच! नियम चुकला." सबंध वर्गात हे कोणाच्या लक्षात आले नव्हते, माझ्याही नाही. थोडा वेळ बोटे मोडून तो म्हणाला, "क्रमांकाच्या निम्म्याने गुणू या. म्हणजे ४५ च्या पुढे जाणार नाही."

त्याचे वडील आज इथे बसले आहेत. वही मी सोबत आणली आहे. चहाच्या वेळी त्यांनी ती जरूर पाहावी.