पुंजगणकाची बाराखडी

पुंजगणक हा शब्द अलीकडे घरोघरीं ऐकूं येऊं लागला आहे. संयुक्त राष्ट्रसंघानें २०२५ हें वर्ष पुंजविज्ञानाचें आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळलें. त्यापूर्वीं १९ एप्रिल २०२३ रोजीं केंद्रीय मंत्रिमंडळानें राष्ट्रीय क्वांटम मोहिमेसाठीं ६,००३ कोटी ६५ लाख रुपये मंजूर केले होते. सरकारनें पैसा काढला कीं शिकवण्या निघतात, हा आपल्याकडील जुनाच क्रम आहे. सातारा-सांगलीकडील आईबापांपुढें प्रश्न पडतो तो हा, कीं पुण्यामुंबईस पाठवून भारी शुल्क भरल्यावांचून आपल्या मुलामुलींस हा विषय साधेल काय? माझ्या मतें साधेल. मी स्वतः मॅट्रिकपर्यंतच शिकलेला मास्तर आहें, आणि निवृत्तीनंतर घरीं बसून हाच विषय संगणकावरून शिकत आहें. तेवढ्या अधिकारानें चार शब्द बोलतों.

प्रथम नांवाची भीति घालवूं. क्वांटम म्हणजे पुंज. हा प्रतिशब्द मराठी विश्वकोशानें वापरला आहे, आणि तो विश्वकोश आपल्याच सातारा जिल्ह्यांत, वाईस, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या प्रमुख संपादकत्वाखालीं सिद्ध होऊं लागला. इतक्या जवळ घडलेल्या शब्दास आपण परका मानण्याचें कारण नाहीं.

नेहमींच्या संगणकांत माहितीचा लहानांत लहान घटक एकतर शून्य असतो किंवा एक. पुंजगणकांतील घटकास क्यूबिट म्हणतात. त्याची स्थिति दोन संख्यांनीं सांगतात. एक शून्याच्या वांट्याची, दुसरी एकाच्या वांट्याची. त्या संख्येचा वर्ग केला म्हणजे मोजतांना तें तें उत्तर येण्याचा संभव किती, हें कळतें. (संमिश्र संख्या असेल तर तिच्या मापाचा वर्ग, असें शाळूसोबती मला दुरुस्त करतील.) पण ह्या संख्या ऋणही असूं शकतात, आणि विषयाचें सारें मर्म ह्या उण्या चिन्हांत आहे.

पहिल्याच धड्यांत हॅडामार्ड नांवाची क्रिया भेटते. शून्य स्थितींतील क्यूबिटवर ती एकदां करून मोजलें, तर निम्म्या वेळां शून्य आणि निम्म्या वेळां एक येतो. येथवर ही नुसती नाणेफेक झाली. आतां मध्यें न मोजतां तीच क्रिया लागोपाठ दोनदां करा. नाणें दुसऱ्यांदा उडविलें तरी छापाकांट्याचा संशय राहतोच. क्यूबिट मात्र दर वेळीं निश्चितपणें शून्यावर परत येतो. कारण असें, कीं शून्याकडे नेणाऱ्या दोन वाटांवर अर्धा आणि अर्धा मिळून एक होतो. एकाकडे नेणाऱ्या दोन वाटांवर अर्धा आणि उणे अर्धा मिळून कांहींच उरत नाहीं. ऋण संख्या जगांत कोठें असतात, असें मुलें मला वर्गांत विचारीत. हें उदाहरण तेव्हां माझ्या हातीं असतें तर किती बरें झालें असतें!

यावरून एक गैरसमज दूर होईल. पुंजगणक सर्व उत्तरें एकदम तपासतो आणि खरें तेवढें सांगतो, असें वर्तमानपत्रांत वाचावयास मिळतें. तसें नव्हे. मोजतांना हातीं एकच उत्तर पडतें. चुकीच्या उत्तरांच्या वाटा एकमेकींस काटतील आणि बरोबर उत्तराच्या वाटा एकमेकींस पुष्ट करतील, अशी मांडणी करणें हेंच येथील आज्ञावलीकाराचें कसब. भारतांत जन्मलेले व दिल्लीच्या आय. आय. टी. मध्यें शिकलेले लव ग्रोव्हर यांनीं १९९६ सालीं अशी एक मांडणी शोधून काढली. समजा, सांगलीच्या हळदपेठेंतील १० लाख खातीं क्रम न लावतां लिहिलीं आहेत आणि त्यांतून एक शोधावयाचें आहे. साध्या रीतीनें सरासरी ५ लाख वेळां पाहावें लागेल. ग्रोव्हरांच्या रीतीनें सुमारें ७८५ वेळां. अर्थात् त्याजोगें निर्दोष यंत्र हातीं असेल तर! आणि खातीं अकारविल्हे लावून ठेवणारा दिवाणजी आजही दोघांस हरवील.

आतां साधनें. आय. बी. एम्. कंपनीनें मे २०१६ मध्यें पांच क्यूबिटांचें यंत्र आंतरजालावरून सर्वांस खुलें केलें. पुढील वर्षीं किस्किट नांवाचा आज्ञासंच दिला. तो पायथॉन भाषेंत चालतो. मात्र आरंभीं खऱ्या यंत्राची गरजच नसते. २० क्यूबिटांच्या स्थितीस १०,४८,५७६ संख्या लागतात. घरचा संगणक त्या सहज पेलतो. ३० क्यूबिटांस १०७ कोटींहून अधिक लागतात, व सुमारें १७ गिगाबाइट स्मृति खर्ची पडते. तेथें त्याची दमछाक होते. आय. आय. टी. व बंगळूरची विज्ञानसंस्था यांच्या एन्. पी. टी. ई. एल्. या उपक्रमाचीं व्याख्यानें ऐकण्यास पैसे पडत नाहींत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवें असेल तरच शुल्क. अकरावी-बारावीच्या गणितांतील सारण्या, संमिश्र संख्या व संभाव्यता पक्क्या असल्या म्हणजे पुरे. त्या कच्च्या ठेवून सहा आठवड्यांत तज्ज्ञ करूं म्हणणाऱ्यांस पैसे देऊं नयेत, असें मी उघड सांगतों. इंग्रजीची अडचण खरी आहे; पण आज्ञांचे शब्द मोजके असून ते महिन्याभरांत अंगवळणीं पडतात. अवघड असतें तें गणित, आणि तें मराठींत समजून घेण्यास कोणाची आडकाठी नाहीं.

आरंभ त्या दोनदां केलेल्या हॅडामार्ड क्रियेनेंच करावा. घरच्या संगणकावर हजारांत हजार वेळां शून्य येईल. मग तीच आज्ञावली खऱ्या यंत्राकडे पाठवावी. मात्र दोन क्रियांच्या मध्यें बॅरिअर नांवाची रेघ अवश्य घालावी. नाहींतर आज्ञा आटोपशीर करणारें साधन दोन्ही क्रिया परस्पर काटून टाकतें, आणि आपण काय तपासलें तें आपणांसच कळत नाहीं. रेघ घालूनही हजारांत कांहीं वेळां एक येईलच. ते यंत्राचे दोष. ते किती येतात, हें वहींत तारीखवार मांडून ठेवावें.